आदिपतीची लघवी कोणी अडवली?

४ ऑगस्ट, सोमवार, पोन
नमाजाच्या चटईवर पुन्हा ओला डाग. नाण्याएवढा. वास मांजराचा. चटई धुतली, कुंपणावर टाकली, टॉवेल पसरून नमाज उरकली. उरकली हा शब्द बरा नाही, पण मन लागत नव्हतं.

आमचा आदिपती असं करणार नाही. पाच वर्षं या घरात आहे. मागच्या दाराची वाळू सोडून आजवर कुठे बसला नाही. एवढं शिस्तीचं जनावर. तेव्हा हे काम परक्याचं. संशय शेजारच्या कांग त्रिमोवर; म्हणायला कांग, म्हणजे दादा. त्याच्याकडे मांजर नाही, हे खरं. पण ज्याच्याकडे घुमण्याच्या स्पर्धेचा होला आहे, त्याला दुसऱ्याचं मांजर खुपणारच. त्या होल्याचा पिंजरा मीच विणून दिला. कामट्या अशा की मुंगी शिरणार नाही. जाणीव कोणाला असते?

आजपासून सगळं टिपून ठेवणार, तारीख-वारासोबत पंचांगातल्या पाच दिवसांच्या चक्रातला पोन, वागे असा दिवसही घालून. शांत डोक्याने. कोणावर उगाच आळ घ्यायचा नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार, वागे. पहाटे
बांग देऊन आलो. मागच्या दारात आदिपतीला नेहमीप्रमाणे खाऱ्या माशाचं डोकं दिलं. सार्तिनीला हे माहीत नाही. ती त्याला भात आणि उकडलेला मासा देते. बायकोचा जीव आहे त्याच्यावर, पण जनावराचं मन तिला कळत नाही. एखादं डोकं, फार तर दोन. मायेने दिलेलं बाधत नाही.

संध्याकाळी
डाग आदिपतीचेच निघाले. डोळ्यांनी पाहिलं. कामट्यांच्या ढिगावर बसला, पाठीची कमान केली, शेपटी थरथरली, आणि पडले दोन थेंब. मग न्हाणीत बसला. मग माझ्या चपलेत. म्हणजे त्याला कोणीतरी काहीतरी केलं आहे.

सार्तिनी म्हणाली, लघवीचा त्रास दिसतो, तालुक्याला त्या डॉक्टर लारास आहेत, दाखवून आणा. म्हटलं, जनावर निसर्गाचं आहे, निसर्गच बरं करेल. ती म्हणाली, मग तुम्ही निसर्गाकडे जाणार की निसर्गाला घरी बोलावणार?

वाद वाढवणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय डॉक्टर लारास वयाने लहान आहेत आणि त्यांच्या दवाखान्यात एसी आहे. ज्याला एसी लागतो त्याला बिल वाढवावंच लागतं.

७ ऑगस्ट, गुरुवार, लेगी
काढे विकणारी यू गिनाह सकाळी टोपली घेऊन आली. तिच्याकडून मांजरमिशीचा पाला घेतला. लघवी तुंबली की आमच्या आजोबांपासून सगळे हाच उकळून पितात. फुलाला हुबेहूब मांजराच्या मिशा. निर्माणकर्त्याने याहून स्पष्ट काय सांगायचं?

यू गिनाह म्हणाली, कांग, हे मी माणसांना देते. मांजराचं मला विचारू नका. म्हटलं, विचारत नाही, सांगतो आहे. ती म्हणाली, सांगूही नका, उद्या काही झालं तर माझ्या टोपलीवर येईल.

इतकी सावध का? पाला शिळा असावा. दोनदा धुऊन घेतला.

संकल्प: रोज तीन वेळा काढा. आठ दिवसांत मांजर ठणठणीत.

८ ऑगस्ट, शुक्रवार, पाहिंग
आदिपतीने काढा हुंगला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विष कालवलं असावं. सुई काढलेल्या पिचकारीने तोंडात घातला. अर्धा माझ्या बाहीत गेला, अर्धा भिंतीवर. उजव्या हाताला तीन ओरखडे, डाव्याला चावा. सार्तिनीला सांगितलं की कामटी लागली. ती म्हणाली, कामटीला दात असतात हे आजच कळलं.

उदाहरण घालून द्यावं म्हणून त्याच्यासमोर वाडगाभर काढा स्वतः प्यालो. शांतपणे, चव घेत. तो पलंगाखाली गेला.

दुपारी शुक्रवारचं प्रवचन चालू असताना मला चार वेळा बाहेर जावं लागलं. दर वेळी पुन्हा हातपाय धुऊन वजू. इमामसाहेबांचा विषय संयम हा होता आणि ते माझ्याकडे पाहून बोलत होते, असा संशय आहे. असो. औषध जालीम आहे, हे सिद्ध झालं.

१० ऑगस्ट, रविवार, वागे
गुण आला! आदिपती सारखा बसतो आहे. जेव्हा पाहावं तेव्हा बसलेला. तुळशीच्या कुंडीत, सायकलखाली, तांदळाच्या पेटीआड. ओरडतोही. मोकळं होताना माणूससुद्धा हुश्श म्हणतोच.

कांग त्रिमो कुंपणावरून म्हणाला, कांग वाकिजान, तुमचा आदिपती माझ्या अंगणात येऊन कुंथतो. तासन्‌तास. होत काहीच नाही बिचाऱ्याला. दाखवा कुठेतरी, हवं तर माझी गाडी घ्या.

म्हटलं, औषध चालू आहे. तो म्हणाला, औषध त्याला चालू आहे की तुम्हाला? परवा मशिदीत सगळ्यांनी पाहिलं.

आता प्रश्न असा: भल्या माणसाला दुसऱ्याच्या मांजराच्या मागच्या बाजूकडे पाहत बसायला वेळ कुठून मिळतो? आणि स्वतःची गाडी कोण कोणाला फुकट देतं? शिवाय त्याच्या कुंपणाशी एक प्लास्टिकचं भांडं दिसलं. आत काहीतरी होतं. दिसायला पाण्यासारखं. विषही पाण्यासारखंच दिसतं. तो आत गेल्यावर काठीने ते कलंडवलं. वासाला, रंगाला अगदी पाणी. फार हुशार माणूस.

११ ऑगस्ट, सोमवार, क्लिवोन
आज थेंब गुलाबी. फडक्याने पुसून उजेडात पाहिला, गुलाबीच. मग विचार केला. म्बाह रेसो काल ओट्यावर विडा चघळत बसले होते. तिथेच तो लोळला असेल.

म्बाह रेसोंनाच जाऊन विचारलं. गावात त्यांच्याएवढं वय कोणाचं नाही. ते विड्याची पिंक टाकून म्हणाले, नाव काय मांजराचं? आदिपती? अरे बाबा, आदिपती म्हणजे जहागीरदार. पसाभर जीव तो, त्याच्या मानेवर जहागीर ठेवलीस? माझ्या धाकट्याचं असंच झालं. नाव भारी, पोर सारखं आजारी. नाव बदललं, दोन रंगांची खीर वाटली, आता बघ कसा बैल झालाय.

इतके दिवस शेजारी शोधत बसलो आणि कारण माझ्याच तोंडी होतं. रोज हाक मारून मीच त्याला दाबत होतो. मन हलकं झालं. त्रिमो निर्दोष आहे असं मात्र अजून म्हणणार नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार, पाहिंग
आदिपतीचा जन्म शनिवार-पाहिंगचा. म्हणून आजचा पाहिंग धरला. सार्तिनीने गुळाची तांबडी आणि नारळाच्या दुधाची पांढरी खीर केली, पण पळी आपटत. सहा शेजारी आले. केळीच्या पानावर खीर. म्बाह रेसोंनी दुवा मागितली. नवं नाव स्लामेत, म्हणजे सुखरूप. हलकं, गरिबाचं, कोणाच्या डोळ्यात न येणारं.

त्रिमो म्हणाला, गेली बिचाऱ्याची जहागीर! सगळे हसले. हसला तो हसला, वर दोन पानं खीर खाल्ली. ज्याच्या मनात काळं आहे त्याला खीर गोड लागते का, हे ठरवता आलं नाही.

दुवा चालू होती तोवर मांजर कोपऱ्यात पाठीची कमान करून निश्चल बसलं होतं. डोळे अर्धे मिटलेले. एवढी एकाग्रता माणसांतही नाही. स्लामेत, अशी हाक मारली. पाहिलं नाही. सार्तिनीने आतून आदिपती म्हटलं, तर कान हलला. सवय व्हायला वेळ लागतो. तिला बजावलं की जुन्या नावाने हाक मारू नकोस. ती म्हणाली, नाव हलकं झालं ना, आता पोट कधी होणार?

१४ ऑगस्ट, गुरुवार, पोन
यश! आज घरात एकही डाग नाही. चटई कोरडी, न्हाणी कोरडी, चपला कोरड्या. नाव आणि पाला दोन्ही लागू पडले. स्लामेतच्या अंगावर मांसही आलं आहे. पोट गोल, टणक, ढोलकीसारखं. हात लावू देत नाही. माशाचं डोकंही खाल्लं नाही. तृप्त आहे. पेटीआड पडून असतो. शांती म्हणतात ती हीच.

सार्तिनी म्हणाली, कोरडं आहे याचीच मला भीती वाटते. आत गेलेलं पाणी कुठे गेलं? अहो, आजच्या आज न्या त्याला. तिच्या समाधानासाठी पंचांग पाहिलं. त्याच्या जन्मदिवसाला आजचा पोन वाईट, उद्याचा वागे त्याहून वाईट. शनिवार-क्लिवोन उत्तम. शनिवारी नेऊ म्हटलं. ती म्हणाली, मांजराला पंचांग कळतं का? म्हटलं, कळत नाही म्हणून तर आपण पाहायचं.

ती पेटीआड जाऊन त्याला पाहून आली. ती गप्प बसली की मला संशय येतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार, वागे. दुपारी
मशिदीतून आलो. घर उघडं. मांजर नाही. सार्तिनी नाही. शेजारी त्रिमो नाही, त्याची गाडी नाही. त्याच्या ओट्यावर स्पर्धेचा होला उपड्या टोपलीखाली कोंडलेला, आणि मी विणलेला पिंजरा गायब.

आता सगळं स्पष्ट आहे. गाडी, भांडं, दोन पानं खीर. आणि माझी स्वतःची बायको त्यात सामील. सायकल काढतो.

रात्री नीट लिहावं म्हटलं, पण संध्याकाळीच लिहितो
दोघंही डॉक्टर लारास यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. मध्ये पिंजरा, रिकामा. त्याला मांजराचा वास लागला आहे. होला आता त्यात बसणार नाही आणि रविवारची स्पर्धा हुकणार, हे त्रिमोने सांगितलं नाही. मला कामट्या कळतात, म्हणून कळलं.

विचारायला खूप होतं. पण सार्तिनीचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, पेटीआड उलटी करून पडला होता. अंग गार लागलं. तुम्हाला निरोप द्यायला गेले असते, तर तुम्ही वार सांगितला असता.

डॉक्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, लघवीची वाट पूर्ण बंद झाली होती. बारीक वाळूसारखे खडे. भूल देऊन नळी घातली, तुंबलेलं सगळं काढलं. रंग चहासारखा. उद्यापर्यंत थांबला असतात तर मला बोलावलं नसतंत, खड्डा खणायला माणूस बोलावला असतात.

मी पाल्याचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. वडीलधाऱ्याला हाक मारतात तशी मारून म्हणाल्या, बापाक, पाला वाईट नाही, पण नळ बंद असताना टाकीत आणखी पाणी ओतून काय होणार? नैसर्गिकच करायचं तर भरपूर पाणी, ओलं खाणं, स्वच्छ वाळू आणि घरात शांतता. खाण्यात खारट काही जातं का?

सार्तिनी ठामपणे म्हणाली, छे, भात आणि उकडलेला मासा, माझ्या हातचा. मी भिंतीवरचं गाईचं चित्र पाहत होतो. त्रिमो खाली पाहत हळूच म्हणाला, कांग, सांगून टाका. रोज पहाटे मी होल्याला बाहेर टांगतो, तेव्हा तुमच्या मागच्या दारातलं सगळं दिसतं. खारं खाऊन तहानलेलं मांजर माझ्या हंड्यावर चढायचं. म्हणून तर कुंपणाशी पाणी ठेवत होतो. एकदा कोणीतरी तेही सांडलं.

सार्तिनीने माझ्याकडे पाहिलं. कोणी सांडलं, हे तिला सांगावं लागलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार, क्लिवोन
पंचांगाप्रमाणे उत्तम दिवस. घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. त्रिमोसाठी नवा पिंजरा विणायला घेतला. तो म्हणाला, घाई नाही हो, होल्याने कालपासून तोंडच उघडलेलं नाही.

त्याच्यावर मी किती दिवस संशय घेतला, हे त्याला ठाऊकच नाही. सांगावं का? विचार केला. पिंजऱ्याला एक दांडी जास्त लावली.

१७ ऑगस्ट, रविवार, लेगी
गावभर स्वातंत्र्यदिनाचे झेंडे. मुलांची पोत्यातली शर्यत चालू होती. आम्ही तिघं दवाखान्यात.

सकाळी नळी काढली. डॉक्टर म्हणाल्या, आता त्याने स्वतःहून केली तर बरं. नाही झाली तर पुन्हा भूल, पुन्हा नळी, आणि या वेळी मी भरवसा देत नाही.

आदिपती (हेच नाव आत फळ्यावर आहे, सार्तिनीने सांगितलेलं) अंग चोरून बसला होता. बारीक दिसला. सार्तिनीच्या हातून कोमट सार प्यायला. त्रिमोच्या हातूनही प्यायला. वाटी मी धरली, तर तो पार मागच्या भिंतीला जाऊन चिकटला. नजर माझ्या हातांवर. पिचकारी शोधत होता. हात उघडून दाखवले. पटलं नाही.

दुपार झाली. तो दोनदा वाळूत जाऊन बसला, माझ्याकडे पाहिलं आणि उठला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बापाक, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आत असलात की तो आखडतो. जरा बाहेर बसता का?

बाहेर येऊन बसलो. आतला आवाज ऐकू येतो का म्हणून कान दाराकडे. ओठ हलत होते. इतकी वर्षं खूप काही मागितलं आहे, पण मांजराच्या लघवीसाठी दुवा मागताना कोणते शब्द वापरावेत ते सुचेना. साध्या शब्दांत मागितली.

बऱ्याच वेळाने आतून सार्तिनी ओरडली, केली! अहो, केली! आणि त्रिमोचा आवाज, अजून चालूच आहे, बघा तरी!

उठून दारापाशी गेलो. कडीवर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि परत बाकावर येऊन बसलो. अजून चालू असेल तर?