टिपांपासून सावध

९ ऑक्टोबर, गुरुवार
घरात एक बायबल शिरलं आहे. आधीची चार आहेतच, पण हे वेगळं. जाडजूड, सोनेरी कडा, लाल रिबन, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कुणा परदेशी गृहस्थाच्या टिपा, मराठी करून. वर चार ओळी देवाच्या, खाली चाळीस याच्या. नीताला ते निनादने दिलं. निनाद म्हणजे आमच्याच चर्चच्या मंडळीतला खारघरचा आयटीवाला. दर बुधवारी स्वतःच्या फ्लॅटवर बायबल क्लास घेतो. नीता जाते. बायबल फुकट दिलं म्हणे. फुकट कोण काय देतं? यामागे कोण आहे ते शोधणे.
नीता म्हणाली, अहो, वाचून तर बघा. मी म्हटलं, इतकी वर्षं मंडळीचा वडील, म्हणजे एल्डर, आहे, मला टिपा लागत नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर चहाच्या वेळी निनादने भिंतीवर तक्ता लावला. देवाने इतिहासाचे सात तुकडे केले म्हणे, प्रत्येकात कारभार वेगळा. इस्राएल एका खात्यात, मंडळी दुसऱ्या. आणि शेवटी रॅप्चर. प्रभू विश्वासणाऱ्यांना गुपचूप उचलून नेणार, बाकीचे सात वर्षं संकटात.
मी सगळ्यांसमोर विचारलं, ख्रिस्ताने यहूदी आणि इतरांमधली भिंत पाडली, ती तुम्ही परत बांधताय का? आणि प्रभू तुतारीच्या नादात येणार, गुपचूप कशाला? निनाद म्हणाला, अंकल, चोरासारखा येईल असंही वचन आहे. लोक हसले. पाळकसाहेबही हसले. पाळकसाहेबांवर लक्ष ठेवणे.
नीता हसली नाही. पण माझ्याकडे बघितलंही नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
निषेध म्हणून मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. दोन दिवसांत हातापाया पडून परत घेतील.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
अजून कुणी विचारलेलं नाही. लाजत असतील.
नीता ते बायबल तांदळाच्या डब्यामागे ठेवते. का ठेवते? ती बाजारात गेली की मी काढतो. केवळ शत्रूचं शस्त्र तपासायला. खरा धोका छपाईत आहे. वचन आणि टीप एकाच पानावर, जवळजवळ एकाच टाइपात. महिन्याभराने माणसाला आठवत नाही, हे यशया संदेष्टा म्हणाला की खालचे गृहस्थ. आणि हे रॅप्चरचं वेळापत्रक दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या गावीही नव्हतं. म्हणजे तोवर सगळी मंडळी अडाणीच होती का?
दानीएलाच्या पुस्तकावरची टीप मात्र बरी आहे. रिबन होती तिथेच ठेवली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
व्याख्यान ठरवलं. शनिवारी पाच वाजता, आमच्याच घरी हॉलमध्ये. विषय : टिपांपासून सावध. मंडपवाल्याकडून खुर्च्या सांगितल्या. सगळ्यांना फोन केले. सगळे 'बघू' म्हणाले, म्हणजे नक्की. मंडळीतल्या सर्वांत वयस्क चंद्रावतीबाई 'येते रे बाळा' म्हणाल्या. त्यांचे गुडघे प्रार्थनेने झिजलेत. त्या आल्या की बाकीचे झक मारत येतील. पाळकसाहेबांना मुद्दाम सांगितलं नाही.
नीता पहिल्या रांगेत बसेल. एकदा तिने पूर्ण ऐकलं की झालं. बाकी कुणाला नाही पटलं तरी चालेल. हे वाक्य उगाच लिहिलं.

१ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
खुर्च्या लावल्या. आवाज चांगला राहावा म्हणून जरा पडतो.

सव्वापाच
उठलो. एकही माणूस नाही. कारस्थान आहे.
नीताही नाही. चपला दारात. चष्मा ओट्यावर. गॅस चालू, डाळ बुडाला लागलेली. चष्म्याशिवाय ही पायरीसुद्धा उतरत नाही. निनाद फोन उचलत नाही. पाळकसाहेब स्विच ऑफ.
मी हा रॅप्चरचा सिद्धांत मानत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

साडेपाच
गॅस बंद केला. गॅलरीतून खाली मासेवाल्या गोदूबाईला विचारलं, आमची बाई दिसली का? "नाय ओ, मी आताच आली." तिला विचारून तरी काय उपयोग, ती आमच्या मंडळीतली नाही.
खजिनदार तुळशीरामला फोन लावला. उचलला. नगरला आहे, पुतण्याच्या लग्नाला, इकडचं काही माहीत नाही. हायसं वाटलं. मग लक्षात आलं, तुळशीराम मागे राहिला हा काही पुरावा नव्हे.
चंद्रावतीबाईंना लावला. नेणार असतील तर पहिल्या त्याच. वाजून वाजून बंद झाला.
 मागे राहिलेल्यांनी काय करायचं यावर एक टीप आहे. तांदळाचा डबा सरकवतो.

जेवणानंतर
चंद्रावतीबाई माझ्याच व्याख्यानाला निघाल्या आणि जिन्यात पडल्या. मांडीचं हाड. ग्रुपवर मेसेज आला, मंडळी हॉस्पिटलला धावली, फोन सायलेंटवर, पाळकसाहेबांचा तर बंदच. नीता घरातल्या स्लिपरवरच, चष्मा विसरून निघाली. मला हलवून सांगितलं, गॅस बंद करा म्हणाली, मी 'हो' म्हटलं म्हणे. मला आठवत नाही. निनादने आजींना उचलून तीन मजले खाली आणलं.
नीताला घरी सोडायला तोच आला. मी स्वयंपाकघरात फरशीवर, मांडीवर ते बायबल. निनादने तांदळाचा डबा जागेवर सरकवून ठेवला. याचा मला जास्त राग आला.
तो गेल्यावर नीताला सगळं सांगावं लागलं. हसेल असं वाटलं होतं. ती खुर्च्या एकात एक ठेवत होती. थांबून म्हणाली, "मी गेले असं वाटलं, ते समजलं. पण तुम्ही राहिलात, हे इतक्या पटकन कसं पटलं?"

२ नोव्हेंबर, रविवार
उपासनेआधी हॉस्पिटलला गेलो. चंद्रावतीबाई म्हणाल्या, तुझं व्याख्यान राहिलं रे, आता इथेच सांग. सांगायला लागलो. झोपल्या.
निनादने ग्रुपवर परत घेतलं. मी सोडला होता हे बऱ्याच जणांना कळलंच नव्हतं. मंगळवारी दुपारी आजींजवळ बसायची पाळी माझी आहे.
नीताच्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. वर वचनांत पाहिलं. खाली टिपांतही पाहिलं.