सरळ चालणारी गाडी

प्रिय दादा,

परवापासून तुझी गाडी सरळ चालते. याबद्दल मी रीतसर तक्रार नोंदवत आहे. काल ऐन नळाच्या वेळी, नवागामच्या आपल्या गल्लीत वळताना, कमलमावशींची भरलेली बादली मी आडवी केली. "लिहिणारा माणूस स्टेअरिंगवर बसला की असंच व्हायचं!" मावशी म्हणाल्या. इतकं नेमकं परीक्षण माझ्या एकाही पुस्तकाचं झालेलं नाही.

चूक माझी नव्हती, सवय तुझी होती. स्टेअरिंग पाव चक्कर फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, म्हणून तू वळण यायच्या आधीच वळायला लागायचास. तू गेल्यावर रडतखडत मीच गाडी हाकली, तेव्हा तेच शिकलो. आता स्टेअरिंग बॉक्स बदललाय. हात फिरला की गाडी फिरते. असं कुणी करतं का?

मी बदलणार नव्हतो रे. पण ड्रायव्हर यायचे, नाक्यापर्यंत एक चक्कर मारायचे आणि चावी वहिनीच्या हातात ठेवून निघून जायचे. घर गाडीच्या मालभाड्यावर चालतं आणि माझ्या हाकण्यानं गिऱ्हाइकं पळत होती. तरी मी म्हटलं, "दादानं एवढी वर्षं चालवलीच ना?"

"तुमना दादा गाडी चालाडे नही, समजाडे!" वहिनी म्हणाली. "आते ड्रायवर जोयजे, भाऊ."

आयुष्यभर लोकांची तोंडं बंद करत आलो. तिनं मात्र गाडीची समजूत घालणारा नको, ड्रायव्हर हवा म्हटलं आणि मी गाडी गॅरेजात नेली.

रसिकभाईंनी गॅरेजात जुना बॉक्स उघडला. "जुओ, अंदर दांत ज नथी!"

"दाढा तरी?" मी विचारलं. कुणी हसलं नाही.

त्या बोळक्या जनावरानं तुला कधी खड्ड्यात घातलं नाही, दादा. उसाच्या शेतातल्या चिखलातून चारी चाकांचा जोर लावून तू हसत बाहेर यायचास. आणि गेलास कसा? घरात, जेवायला पाटावर बसलेला, छातीत कळ येऊन! ही काय पद्धत झाली?

भंगारातून आणलेला दुसरा बॉक्स बसला. स्टेअरिंगचं चाक तुझंच आहे. पण ते सरळ करून बसवलं, तेव्हा तुझ्या अंगठ्यांनी झिजलेली जागा खाली, माझ्या पोटाशी आली. मी म्हटलं, "पहिल्यासारखं वाकडंच राहू द्या." रसिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नट आवळला.  

उद्यापासून नवा ड्रायव्हर येतोय, म्हणून आजच लिहितोय. बारडोलीत, बॉनेटवर कागद ठेवून. माल उतरलाय, गाडी रिकामी आहे.

आठवतं? मी हौसेनं सोबत यायचो, आणि इथून परत निघताना तू दर वेळी म्हणायचास, "आप्पा, आज तू चालव, मी झोपतो." मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला." चलथाण यायच्या आत मीच घोरायला लागायचो.

ही ती पुढची खेप. तुझा पंचा घडी करून डावीकडच्या सीटवर ठेवलाय, उशाला. चलथाणला साखर कारखान्याचा वास यायला लागला की काच वर करीन. घर आलं तरी हॉर्न वाजवणार नाही.

झोप तू.

तुझा,
आप्पा