मिळमिळीत सोडा

बाबा, आज मी सोडावाल्याशी भांडता भांडता राहिले. त्याने बाटली माझ्यासमोर फोडली, फेस वर आला आणि घोट घेतला तर नुसतं शिळं पाणी. "यात गॅसच नाही," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग आठवलं, काचबिंदूसाठी परवापासून मीही तुमचीच ती पांढरी गोळी घेते आहे. भर रस्त्यात एकटीच हसत सुटले.

वटारच्या नाक्यावरच्या आपल्या दुकानात सकाळची पहिली बाटली तुमची. घोट तोंडात घोळवायचा, जीभ चरचरली की मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. एक वेळ देवपूजा चुकेल, पण तो घोट नाही. डोळ्यातला दाब वाढला म्हणून डॉक्टरांनी त्या गोळ्या थोड्याच दिवसांसाठी दिल्या होत्या. ठणका थांबला म्हणून तुम्ही त्या परस्पर औषधवाल्याकडून आणून चालूच ठेवल्यात, आणि तेव्हापासून तुमचा सोडा 'बिघडला'. नालासोपाऱ्याच्या सिलिंडरवाल्याला तुम्ही झाडलंत, यंत्राचे वायसर बदललेत, शेवटी गॅस वाढवतच गेलात. गिऱ्हाइकं डोळे पुसत प्यायची, पण तुमच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. अर्नाळ्याची मासळीवाली मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाकातून पानी आलं माझ्या. पन त्याला नको सांगू गो, जीव लावून करतो तो."

मग तुम्हाला बसल्या जागी धाप लागू लागली. मळमळायचं, बोटांना मुंग्या यायच्या. आम्ही दमा समजून छातीला तेल चोळत बसलो. एका दुपारी तुम्हाला दुकानातल्या स्टुलावरून उठवेना, तेव्हा विरारच्या इस्पितळात नेलं. छाती साफ होती आणि श्वास मात्र भात्यासारखा चाललेला. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात लॅक्टिक आम्ल साठलंय, जिवाला धोका आहे, औषधं कोणती चालू आहेत ते नीट सांगा. तुम्ही मधुमेहाची गोळी तेवढी सांगितलीत. डोळ्याची गोळी डोळ्यासाठी, तिचा बाकीच्या अंगाशी काय संबंध, हा तुमचा हिशेब. मलाही ती सुचली नाही. मी घाबरले की बडबडते, म्हणून त्यांना सोड्याचीच कहाणी सांगत सुटले. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"सोडा फक्त यांनाच मिळमिळीत लागतो? डोळ्यांसाठी काही घेतात का?"

नंतर त्यांनी समजावलं. कर्बवायूचं आम्ल बनवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरात असतं, ही गोळी त्याला अडवते. त्यामुळे डोळ्यातला दाब उतरतो, पण जिभेवरची सोड्याची चरचरही जाते, आणि मूत्रपिंडं तुमच्यासारखी आधीच थकलेली असली तर रक्त आंबट होत जातं. त्यात मधुमेहाची गोळीही अंगात साठली आणि ते लॅक्टिक आम्ल वाढलं. असं क्वचितच होतं, म्हणाल्या. दोन्ही गोळ्या बंद केल्या, डायलिसिस केलं. तुमचा श्वास संथ झाला, त्या सकाळी मी तुमच्या उशाशी बसून पोटभर रडले. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "म्हणजे गॅस माझाच सुटत होता. उगाच त्या गरिबाला शिव्या घातल्या."

घरी आल्यावर आधी त्या सिलिंडरवाल्याकडे सोड्याचा क्रेट घेऊन गेलात. असे होतात तुम्ही. पुढची कितीतरी वर्षं लाभलात, हे त्या बडबडीचे उपकार.

माझी काळजी करू नका. गोळी घेण्याआधी मी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना सगळी औषधं सांगितली, मूत्रपिंडाची तपासणीही करून घेतली. तुम्हाला बरंच माहीत आहे हो, असं त्या म्हणाल्या. आमचं सोड्याचं दुकान होतं, एवढंच मी सांगितलं. त्यांना काही कळलं नसावं.

उद्या गोळ्या संपतील. मग सोडा पुन्हा चरचरेल आणि हे पत्र मी डाळीच्या डब्याखाली सारून देईन, पोस्टात टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर? पण खरं सांगते बाबा, ते शिळं पाणी मी ओतून दिलं नाही. तुमच्या तोंडची चव होती ती. त्या सोडावाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून बाटली संपवली, आणि आणखी एक मागितली.