साकवाचा भावार्थ

पोलादपूर, ता. ४ सप्टेंबर १९५८

ती. सौ. चंद्रभागाताईस, धाकट्या महिपतीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, माझी अब्रू सोडून. ओढ्यावरचा लाकडी साकव महिन्यापूर्वी पुरात वाहून गेला. तेव्हापासून पलीकडच्या वाडीतली अकरा मुलं शाळेत नाहीत. मी वर चार अर्ज पाठवले. अक्षर फार सुरेख आलं होतं.

परवा दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. मी भिंतीवर रंगवलेल्या ओळी शिकवल्या:

वाट पाहत बसलास दारी, वाट न चालून येई;
उचल पाऊल एक, गड्या, मग वाटच पुढती नेई.

तासभर भावार्थ सांगितला. साहेब खूश. तेवढ्यात दारात वाडीतल्या ठकूबाई, तीन मैलांचा वळसा घालून आलेल्या. त्यांनी विचारलं, की गुरुजी, मग साकव कधी बांधूया? मी म्हटलं, की कवितेचा अर्थ त्याहून खोल आहे. त्या म्हणाल्या, की खोल तर वढ्याचं पानी हाय.

साहेबांनी हसू दाबलं. मुलांनी नाही.

सहानुभूतीचे दोन शब्द लिही. भाऊजींना नमस्कार.

तुझा विद्वान भाऊ,
महिपत

महाड, ता. १० सप्टेंबर

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे इतके हसले की चहा धोतरावर सांडला. त्यामुळे सहानुभूती धोतराला दिली.

आता थट्टा पुरे. सावित्री नदीत आपली होडी उलटली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. त्यानंतर तू पाण्याजवळ फिरकला नाहीस, हे मला ठाऊक. ठकूबाईंना कसं कळणार? त्यांना वाटत असेल, मास्तरला आमच्या पोरांची पर्वा नाही. भीतीवर भावार्थाचं पांघरूण घालू नकोस. जा, खरं ते सांग. उपदेश करणारी मी तरी कुठली शूर? लोणचं नासलं हे सासूबाईंना सांगायला मला आठ दिवस लागले.

जिवाला जप.

तुझी ताई

पोलादपूर, ता. ३० सप्टेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

सांगितलं. ठकूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, की भ्या मलाबी वाटतं, गुरुजी, पन पोरांना शिकवायचं हाय. दुसऱ्याच दिवशी वाडीतल्या भागोजींनी ऐनाची दोन झाडं पाडली. खोडं ओढ्यावर ओढून घ्यायला काठावरून दोर धरायचं काम मी मागून घेतलं. पाय घसरला आणि मी ओढ्यात! मेलो, बुडालो, असा सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल इतका ओरडलो. ठकूबाई म्हणाल्या, की गुरुजी, उभं ऱ्हावा. उभा राहिलो. पाणी कमरेइतकं होतं.

काल साकव तयार झाला. पहिला मी ओलांडावा, असा सगळ्यांचा आग्रह. उभ्यानं धीर होईना. घोड्यावर बसावं तसा बसलो आणि डोळे मिटून सरकत निघालो. मध्यावर डोळे उघडले, तर समोर ठकूबाईंची नात बनू, तशीच बसून सरकत आलेली. साकव असाच ओलांडायचा असतो, असं तिला वाटलं. तिच्यामागे बाकीची दहा, ओळीनं बसलेली. वळायला जागा नाही. मग मी तसाच उलटा सरकत शाळेच्या काठाला आलो, आणि माझ्या पाठोपाठ, म्हणजे तोंडासमोर, अकराही जण.

काठावर उतरल्या उतरल्या हजेरी घेतली. आवाज कापत होता, पण नाव एकही चुकलं नाही.

हसून झाल्यावर थोडी माया उरली, तर या भावावर असू द्यावी.

तुझा भिजका,
महिपत