ईथर गेलं का?

५ जून

परत त्याच प्रयोगशाळेत! निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि प्राचार्यबाईंना आता माझी आठवण आली — रसायनाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत, दोन महिने प्रात्यक्षिकं घ्याल का? प्राचार्यबाई माझीच विद्यार्थिनी. तेव्हा ब्युरेट फोडायची, आता हुकूम सोडते. नाही म्हणणार होते. हो म्हणून बसले.

फ्यूम हूडमध्ये वह्यांचे गठ्ठे. जिथून विषारी वाफा बाहेर जायच्या, तिथे वह्या! मोजपात्राला चीर. भाऊ मात्र तसेच. चौतीस वर्षं इथले मदतनीस, पाच महिन्यांनी निवृत्त. मला बघून म्हणाले, "आलात बाई? बरं झालं." चार वर्षांनी एवढंच.

७ जून

बियांतलं तेल ईथरने काढायचा प्रयोग. मुलींना बजावलं — ईथरची वाफ झटकन पेटते, ज्योत नाही, काडेपेटीसुद्धा नाही. ईथर गरम पाण्यावरच उडवायचं, थंड करून बर्फातल्या बाटलीत धरायचं आणि मोजायचं. पन्नास मिली घातलं आणि तीसच परत आलं, तर उरलेलं कुठे आहे ते कळेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

एक पुटपुटली, ईथर उडालं की नाही ते भाऊ तर वासावरच सांगतात. सांगतात खरं. फ्लास्कच्या तोंडावर हाताने वारा घालायचा, एकदा हुंगायचं, "गेलं" म्हणायचं. माझ्या देखत कधी चुकले नाहीत.

८ जून

फ्यूम हूड रिकामा करून घेतला. घसा बसला.

१४ जून



एका मुलीने विचारलं, भाऊ, ईथर गेलं का? त्यांनी हुंगलं. "गेलं." ती फ्लास्क घेऊन, तेल सुकवायला, तापलेल्या ओव्हनकडे निघाली. मी वाटेत काढून घेतला, तराजूवर ठेवला. तेल असायला हवं दोन ग्रॅमच्या आसपास. भरलं पाच. तीन ग्रॅम ईथर, आणि ओव्हन शंभरावर! ती दार उघडून — नको लिहायला.

मुली गेल्यावर कापसाचा बोळा ईथरमध्ये बुडवून भाऊंपुढे धरला. मला हातभरावरून ठसका लागला. ते आपले शांत.

"मार्चमधल्या तापापासून, बाई. चहा आणि गरम पाणी सारखंच."

"मग गेलं का म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं. चौतीस वर्षं तेच म्हणतोय."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. शिव्या येत नाहीत, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी तेवढं शिकवायचं बाकी ठेवलं. माझं ओरडून होईपर्यंत ते पाठमोरे परीक्षानळ्या धूत राहिले. एकही फुटली नाही.

१५ जून

प्राचार्यबाईंना सांगावं तर भाऊंना पाच महिने आधीच घरी बसवतील. न सांगावं तर एखाद्या मुलीचा चेहरा. यात विचार करण्यासारखं काय आहे? काही नाही. तरी रात्रीचं जेवण करपवलं.

वडिलांच्या आजारपणात मी रोज उशिरा यायचे. भाऊ सगळी मांडामांड करून ठेवायचे आणि विचारायला येईल त्याला सांगायचे, बाई आत आहेत.

१९ जून

प्राचार्यबाईंना सांगेपर्यंत माझा नियम. भाऊंनी हुंगायचं नाही. फ्लास्क गरम पाण्यावर ठेवायचा, गार करायचा, बाहेरून कोरडा पुसायचा, वजन. पुन्हा गरम, पुन्हा वजन. लागोपाठची दोन वजनं जुळली, की ईथर गेलं. शेवटचे बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत. मी वाचते, ते लिहितात. चौथ्या खेपेला म्हणाले, "जुळलं बाई," पोरीचं लग्न जुळल्यासारखे खूश!

उद्या सांगायचंच. उद्या नक्की.

२० जून

सांगितलं, उभ्याउभ्याच. प्राचार्यबाई म्हणाली, तिला मे महिन्यातच ठाऊक होतं. भाऊ स्वतः आले होते — नाकाचा भरवसा राहिला नाही, मॅडमच्या रजेत दुसरं कोणी नको, बाईंनाच बोलवा, त्यांना मी सांगतो.

खाली जाऊन भाऊंना विचारलं, मग पहिले नऊ दिवस गप्प का?

"पहिल्या दिवशी तुम्ही पूर्वीसारख्याच भांडत आत आलात, बाई. वाटलं, आजचा दिवस असाच जाऊ दे. मग रोज तेच वाटलं."