झाकून ठेवलेले भरीत

सुरत, १९९७

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीही पिऊ नये, हा तुझा नियम मी पाळतो. म्हणून योगिता आणि चेतनराव यांनी काल मला इटालियन हॉटेलात जेवायला नेले. तिने पहाटे केलेले भरीत घरी झाकलेलेच राहिले, हे आधी ध्यानात घे.

आता पदार्थ समजावून सांगतो. पास्ता म्हणजे गव्हाच्या रव्याच्या उकडलेल्या नळ्या. जाड शेवई पोकळ असती, तर अशीच दिसली असती. रचना फार सुंदर! वेटरने गुजरातीत विचारले, "काका, जैन के रेग्युलर?" म्हणजे सुरतेत इटलीलाही सोवळे आहे.

जेवण अर्धी दुपार चालले. उठलो की मी थेट स्टेशन गाठणार, म्हणून जावई एकेक पदार्थ मागवीत राहिले. मी नळ्यांची उपयुक्तता विशद करत असताना योगिताने काटा खाली ठेवला.

"बाबा, डॉक्टर म्हणतात, मूल होणार नाही. मग तुम्ही माझ्याकडे कधीच जेवायचं नाही का?"

चेतनरावांनी मेनूकार्डात डोके खुपसले.

अक्का, जन्मभर वर्गात मी प्रत्येक नियमाचे कारण सांगत आलो. या एका नियमाचे कारण मला सांगता येईना. तुझा आणि स्वतःचाही मला असा संताप कधी आला नव्हता!

आम्ही घरी गेलो. भरीत गार झाले होते. मी दोनदा मागून घेतले.

हे पत्र टाकले, तर तू तिलाच बोल लावशील; म्हणून टाकणार नाही. भेटीअंती तुला पास्त्याचेच सविस्तर वर्णन ऐकवीन.

तुझा वैतागलेला भाऊ,
हेमराज