गवंड्यांची खूण

बा, तुला लिहायचं मी किती वर्षं टाळत आलोय. रायगढला एकदा कागद घेतला, त्यावर भजी खाल्ली. जबलपूरला घेतला तेव्हा पेन नव्हता. खरं म्हणजे पेन मागता आला असता. आता परत भिलाईत आहे, सेक्टर दहामध्ये एका फिटर दोस्ताच्या क्वार्टरात. तो ड्यूटीवर गेलाय, घर रिकामं आहे, बहाणा उरलेला नाही.

तुझी ती गोष्ट मला चुलीच्या धुरासकट आठवते. इथल्याच लेबर कॅम्पातली आपली टिनाची खोली. आई भाकरी थापते आहे, आणि तू कामठीच्या छावणीतलं ते घर सांगतो आहेस, ज्याला लोक जादूघर म्हणायचे. फ्रीमेसन साहेबांची गुप्त मंडळी तिथे जमायची. तू तिथली काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी दुरुस्त करायला गेलास, तर भिंतीवर काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा, चुना लावायची करणी. तुझ्याच पिशवीतली हत्यारं, देवासारखी टांगलेली. तिथल्या खानसाम्याने तुला त्यांच्या खुणा करून दाखवल्या. हात गळ्यावरून आडवा फिरवला, म्हणजे गुपित फोडलं तर मान कापा. पंजा छातीवर ठेवला, म्हणजे ते काळजात राहील. आणि हात मिळवताना अंगठा समोरच्याच्या बोटाच्या गाठीवर दाबला, म्हणजे हा आपल्यातला.

"हे त्याइनं कुठून आणलं?" मी विचारायचो.

"आपल्यासारख्या गवंड्याइकडून. दगड घडवणारे गावोगाव फिरत. कागद नाही, अक्षर नाही. मंग हातानंच सांगायचं, मले काम येते, मले ठेवा."

आई म्हणायची, "मंग तुमाले कावून नाही बसवलं खुर्चीवर?"

"फरशी ओली होती ना," तू म्हणायचास.

मग इथल्या पोलाद कारखान्यात कोक भट्टी बांधायचं काम लागलं. तू विटा लावायचास, मी वाहायचो. एक दिवस रशियन इंजिनिअर आला, तुझ्या विटांच्या सांध्यावरून त्याने नख फिरवलं, हातमोजा काढला आणि हात पुढे केला. तू अंगठा दाबलास. त्यानेही दाबला. गावात तुझ्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, बा, आणि इथे परक्या मुलखातला साहेब तुला आपल्यातला म्हणून ओळखत होता. त्या संध्याकाळी तू जेवला नाहीस. "ओळखलं मले त्यानं," एवढंच म्हणालास. पुढे महिनाभर जो भेटेल त्याला तेच सांगायचास.

मला त्याचा कंटाळा आला होता. कंटाळा म्हणतो, पण हेवा होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बसले होते, तू पुन्हा सुरू केलंस, आणि मी म्हणालो, "बा, तो सगळ्याइचाच हात तसा दाबते. काल माहा बी दाबला."

"लो मिस्त्री," कोणीतरी म्हणालं, "बेटा भी मेंबर हो गया." सगळे हसले. तू डबा बंद केलास. "चाल, विटा आण," म्हणालास. ती गोष्ट तू पुन्हा कधी सांगितली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तापाने गेलास.

जबलपूरला एक म्हातारा क्लार्क भेटला, अशाच एका मंडळीचे कागद सांभाळणारा. मी गेलो होतो त्याची सायकल दुरुस्त करायला, आणि तिथेच दुपार गेली. तो म्हणाला, या खुणांतलं थोडं जुन्या दगडकामवाल्यांचं असेल, थोडं साहेबांनी मागाहून जोडलं, नक्की कोणालाच माहीत नाही. हात काटकोनात धरला की तो गुण्या, म्हणजे माणसाने सरळ वागावं. हे तुला सांगायला हवं होतं, असं वाटून मी सायकल तशीच टाकून स्टेशनवर आलो. कुठे जाणार होतो, देव जाणे.

आता लिहूनच टाकतो. त्या रशियन साहेबाने माझा हात कधी धरलाच नव्हता. मी खोटं बोललो. त्याने तुला ओळखलं होतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण बाकी कोणाचा हात त्याने तसा धरलेला मी पाहिला नाही.

शेजारची बाई हाक मारते आहे, "भैया, नागपुर से आपकी अम्मा आई हैं." तू गेल्यापासून आईने भिलाईत पाऊल ठेवलेलं नाही. मी तिला पत्ताही कळवला नव्हता, दोस्तानेच कळवला असणार. त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, हे तिला अजून ठाऊक नाही, आता तिलाही सांगावं लागेल. ती दारात चपला काढते आहे.